‘रोल केलंय’ म्हणजे तोटा गेला का?



मागे एका गटाच्या बैठकीला गेले होते. अंतर्गत कर्जाच्या हप्त्याची वेळ आली आणि एक ताई गप्प बसली. तीस हजार उचलले होते. रजिस्टरमध्ये कारण लिहिलेलं, ‘खत-बियाणं’. अध्यक्षताईंनी दोनदा विचारल्यावर म्हणाली, “पैसे पोराकडं आहेत. शेअरबाजारात लावलेत. पण तोटा नाही झालेला, त्यानं रोल केलंय. पुढच्या महिन्यात निघतील.”

रोल म्हणजे काय, असं एकीनं विचारलं. ताईला सांगता येईना. आर्थिक साक्षरतेचं काम करते म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगते, त्या दिवशी मलाही नीट सांगता आलं नाही. नंतर समजून घेतलं, कागदावर आकडे मांडले, आणि मग लक्षात आलं की ही गोष्ट आपल्याला चांगली ओळखीची आहे. पीक कर्जाचं ‘नवं-जुनं’ आपण दरवर्षी करतो, तसंच हे आहे. फरक एवढाच की नवं-जुनं करताना कर्ज फिटलं असं आपल्यातलं कुणी समजत नाही. बाजारात मात्र पोरं तसंच समजतात.

आता मुळापासून सांगते. घाई करू नका. पेन घेऊन बसलात तर बरं.

जमिनीच्या व्यवहारात आपण इसार देतो. समजा पाच लाखांचा तुकडा ठरला, वीस हजार इसार दिला, मुदत एक महिना. महिन्याभरात त्या जमिनीचा भाव सहा लाख झाला तरी तुम्हाला ती पाच लाखांतच मिळणार. भाव पडला, तुम्ही माघार घेतली, तर इसार बुडाला. शेअरबाजारातला ‘कॉल ऑप्शन’ साधारण असाच असतो. ठरलेल्या भावाला ‘स्ट्राइक’ म्हणतात, इसाराच्या रकमेला ‘प्रीमियम’, आणि मुदत संपण्याच्या दिवसाला ‘एक्स्पायरी’. ‘पुट ऑप्शन’ याच्या उलट. ठरलेल्या भावानं विकायचा हक्क, म्हणजे भाव पडला तर कामाला येणारा, विम्यासारखा.

एक शेअर घेऊन हा सौदा होत नाही, ‘लॉट’ घ्यावा लागतो. आपण हिशेबाला सोपं म्हणून धरू: शेअरचा भाव ५०० रुपये, लॉट १,००० शेअरचा. म्हणजे प्रीमियममधला एक रुपया हा खरा हजार रुपये आहे. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पोरगा म्हणतो “नऊ रुपयांचा फरक आलाय”, आपल्याला वाटतं नऊ रुपयांचं काय एवढं. ते नऊ हजार असतात.

आणखी एक. शेअर घेऊन ठेवला, पडला, तर दोन वर्षं वाट बघता येते. ऑप्शनला ती सोय नाही. तो मेथीच्या जुडीसारखा आहे. सकाळी वीसला, दुपारी पंधराला, संध्याकाळी पाचला, आणि बाजार उठला की फेकून द्यायची. भाव जागचा हलला नाही तरी दिवस सरतो तसा ऑप्शन सुकत जातो. म्हणून याला गुंतवणूक म्हणणं मला तरी पटत नाही. म्हणणारे म्हणतात.

आता ‘स्प्रेड’. नुसता कॉल घ्यायचा तर, समजा, ५०० च्या स्ट्राइकला २० रुपये प्रीमियम, म्हणजे वीस हजार. महाग पडतो. मग हुशार माणूस काय करतो? ५०० चा कॉल २० ला घेतो आणि त्याच वेळी ५२० चा कॉल १२ रुपयांना दुसऱ्याला विकतो. वीस गेले, बारा आले, खिशातून आठ गेले. म्हणजे आठ हजार. शेअर ५०० च्या वर गेलाच नाही तर आठ हजार बुडतील, त्याहून जास्त नाही. शेअर ५२० च्या वर कितीही गेला तरी वीस रुपयांच्या वरचा फायदा आपला नाही, कारण तो आपण विकून टाकलाय. वीसातून आठ वजा, बारा हजार. ५०८ वर बरोबरी. दोन्ही बाजूंना कुंपण घातलेला हा सौदा. एक ऑप्शन घेतलेला, एक विकलेला, दोन्हींत अंतर ठेवलेलं, म्हणून स्प्रेड.

इथपर्यंत स्प्रेड ही वाईट गोष्ट नाही. नुसता ऑप्शन विकण्यापेक्षा तर कितीतरी बरी. कारण नुसता कॉल विकला आणि शेअर वर पळाला, तर तोटा किती होईल याला वरची हद्दच नाही. आपल्याकडं म्हणतात ना, इसार घेऊन बसलो आणि जमीनच आपली नाही, तशी गत.

पण गावातली पोरं बहुतेक दुसऱ्या तऱ्हेचा स्प्रेड करतात, आणि तो समजून घेणं जास्त गरजेचं आहे. यात सुरुवातीलाच पैसे खात्यात येतात. शेअर ५०० ला आहे. पोरगा ४८० चा पुट ९ रुपयांना विकतो आणि ४६० चा पुट ४ रुपयांना घेतो. नऊ आले, चार गेले, पाच हजार रुपये जमा. एक्स्पायरीपर्यंत शेअर ४८० च्या वर राहिला की झालं, पाच हजार आपले. पडला तर? ४६० किंवा त्याच्या खाली गेला तर वीस रुपयांचं अंतर पूर्ण भरायचं, आलेले पाच वजा, म्हणजे पंधरा हजारांचा तोटा.

मिळाले तर पाच, गेले तर पंधरा. तरी पोरं का करतात? कारण बहुतेक महिने शेअर एवढा पडत नाही. जानेवारीत पाच, फेब्रुवारीत पाच, मार्चमध्ये पाच. घरात कौतुक होतं, आईला साडी येते. एप्रिलमध्ये एकदा बाजार पडतो आणि तीन महिन्यांची कमाई एका झटक्यात जाते. तिथंच थांबला तर हिशेब शून्यावर आला, खर्च तेवढा अंगावर. पण तिथं कुणी थांबत नाही. तिथूनच रोल सुरू होतो.

बघा कसं ते. एक्स्पायरी दोन-तीन दिवसांवर आली आणि शेअर घसरून ४६५ ला आला. ४८० चा पुट जो ९ ला विकला होता, तो आता १८ चा झालाय. ४६० चा ४ चा तसाच ४ वर आहे. सौदा मिटवायचा तर १८ देऊन तो परत घ्यायचा, ४ घेऊन हा विकायचा. चौदा रुपये लागतात. आधी पाच आले होते, आता चौदा गेले, नऊ हजारांचा तोटा झाला. झाला म्हणजे झालाच. खातेवहीत लाल शाईनं पडला.

आता पोरगा त्याच मिनिटाला पुढच्या महिन्याचा नवा स्प्रेड करतो. ४६० चा पुट विकतो, ४४० चा घेतो, त्यातून सात हजार येतात. मोबाईलवर हे एकाच दमात होतं, आणि तो म्हणतो, “रोल केलं.” शब्दच असा आहे की वाटतं तोच सौदा पुढं ढकलला. प्रत्यक्षात जुना सौदा तोट्यात संपला आणि नवा सौदा सुरू झाला. एकमेकांशी त्यांचं नातं फक्त पोराच्या मनात आहे.

एकूण हिशेब करू. पाच आले, चौदा गेले, सात आले. खिशातून दोन हजार गेलेत. पुढचा महिना अगदी मनासारखा गेला, शेअर ४६० च्या वर राहिला, तरी शेवटी दोन हजार तोटाच. आणि वाईट गेला तर आणखी वीस हजार भरायचे, म्हणजे एकूण बावीस. सुरुवातीला जास्तीत जास्त पंधरा बुडणार होते. रोल केल्यावर बावीस.

पण दोन हजारसुद्धा खिशातून घालायला पोराचं मन होत नाही. मग तो एकाऐवजी दोन लॉट विकतो. सातच्या ठिकाणी चौदा हजार येतात. चौदा गेले, चौदा आले. वर सुरुवातीचे पाच आहेतच. मोबाईलवर बघितलं तर तोटा कुठंच दिसत नाही, उलट पाच हजार फायदा! ताईला त्यानं हेच दाखवलं होतं. खोटं बोलत नव्हता तो. पण आता शेअर ४४० च्या खाली गेला तर दोन लॉटचे चाळीस हजार भरावे लागतील. पाच वजा जाता पस्तीस हजार. पंधराचा धोका पस्तीसवर गेला, आणि घरात सगळे निवांत, कारण “रोल केलंय”.

हे वाचून वाटेल की रोल म्हणजे लबाडीच. तसं नाही. ज्याचा धंदाच हा आहे, ज्याच्याकडं घरखर्च वेगळा काढून उरलेले पैसे आहेत, तो कधी विचार करून रोल करतो, तोटा वहीत तोटा म्हणूनच लिहितो. आपण घरी विचारायचा प्रश्न एकच: “समज तुझ्याकडं आज काहीच सौदा नसता, तर हाच नवा सौदा तू आज नव्यानं केला असतास का?” हो म्हणाला आणि का ते सांगता आलं तर ठीक. “आधीचे काढायचेत म्हणून” हे उत्तर आलं तर समजा, नवं-जुनं चाललंय.

दोन गोष्टी अशा आहेत ज्या पोरांनाही बऱ्याचदा उशिरा कळतात. पहिली, शेअरवरच्या ऑप्शनमध्ये मुदतीच्या दिवशी नुसत्या फरकाचे पैसे देऊन सुटका होत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर-ऑप्शनना प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. आपल्या उदाहरणात एक्स्पायरीला भाव ४६५ राहिला, तर ४८० चा विकलेला पुट अंगावर येतो आणि ४६० चा घेतलेला निरुपयोगी होतो. म्हणजे एक हजार शेअर ४८० नं घ्यायची जबाबदारी, ४ लाख ८० हजार रुपये. कुठून आणणार? म्हणून शेवटच्या दिवसांत ब्रोकर जास्त मार्जिन मागतो, नाहीतर स्वतःच सौदा तोडून टाकतो, मिळेल त्या भावात. निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या ऑप्शनला हे शेअर घेण्याचं लागत नाही, तिथं फरकाचे पैसेच जातात. पण तिथं दर आठवड्याला मुदत संपते, त्यामुळं नवं-जुनंही दर आठवड्याला.

दुसरी गोष्ट, स्प्रेडचं कुंपण दोन्ही खांब उभे असतील तोवरच. कधी कधी फायद्यात असलेला, घेतलेला पुट पोरगा आधी विकून मोकळा होतो, ‘तेवढे तरी हाताला लागले’ म्हणून. मागं उरतो नुसता विकलेला पुट, उघडा. त्या क्षणी पंधरा हजारांची हद्द संपली. मार्जिन एकदम वाढतं, लाखाच्या घरात जाऊ शकतं.

खर्चाचं थोडक्यात: एका रोलला चार व्यवहार होतात, दोन मिटवायचे, दोन नवे. प्रत्येकाला दलाली, विक्रीवर सरकारी कर, एक्स्चेंजचा आकार, जीएसटी. थोडा-थोडा वाटतो, पण दर आठवड्याला चार-चार व्यवहार धरून वर्षाची बेरीज करून बघा.

“पण कमावणारे कमावतातच की,” असं आमच्या एका सचिव ताई म्हणाल्या. कमावतात. किती, ते सेबीनं मोजलंय. सेबी म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या सामान्य माणसांपैकी १०० मधल्या ९३ जणांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च धरून माणशी सरासरी दोन लाख. त्यानंतर २०२४-२५ चे आकडे आले, तेव्हाही १०० मधले ९१ तोट्यातच. सेबीनं नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या कराराची किमान किंमत १५ लाख केली, ती लहान माणसानं यात सहज उतरू नये म्हणूनच. तरी पोरं उतरतातच, गटाचे पैसे घेऊनसुद्धा.

आता आपल्या कामाचं. त्या ताईच्या घरी गेले तेव्हा कळलं की ट्रेडिंगचं खातं पोराच्या नावावर नव्हतंच. ताईच्या नावावर होतं. पॅन तिचं, आधार तिचं, बँक खातं तिचं. “आई, ओटीपी सांग” म्हटलं की ती सांगायची. असं खातं कुणाच्या नावावर आहे ते आजच घरी विचारा. तुमच्या नावावर असेल तर तोटा तुमचा, ब्रोकरची बाकी राहिली तर ती तुमच्याकडं मागणार, आणि आयकराचं विवरणपत्रही तुमच्या नावानं भरावं लागतं. ऑप्शनचं उत्पन्न किंवा तोटा हा धंद्याचा धरला जातो. विवरणपत्र वेळेत भरलं तर तोटा पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. न भरलं तर तीही सोय गेली.

आम्ही त्या दिवशी ओट्यावर बसून हिशेब काढला. मोबाईलमधला हिरवा-लाल आकडा आधी बघितलाच नाही. ताईचं पासबुक घेतलं. सहा महिन्यांत ब्रोकरकडं किती गेले ते एका बाजूला लिहिलं. ब्रोकरकडून किती परत आले ते दुसऱ्या बाजूला. मग अॅपमधलं ‘लेजर’ उघडलं. ती आपल्या गटाच्या खातेवहीसारखीच असते, जमा-नावे-शिल्लक. गेलेले वजा आलेले वजा शिल्लक, जे उरलं तो तोटा. शिवाय उघडा सौदा आज मिटवला तर किती लागतील ते पोरालाच विचारलं आणि तेही मिळवलं. रोल कितीदा झाला ते ईमेलवर येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिसतं, सौदे झालेल्या प्रत्येक दिवसाची ती येते. बेरीज होताना पोरगा शेजारीच बसला होता. पाच हजार फायदा म्हणणारा तो, आकडा एकेचाळीस हजारांवर आला तेव्हा म्हणाला, “एवढे नसतील.” परत मोजलं. तेवढेच होते.

ओरडू नका, असं मी त्या ताईला आधीच सांगून ठेवलं होतं. ओरडलं की पोरं लपवतात, आणि लपवायला बाहेरून आणखी पैसे उचलतात. त्यानं उघडा सौदा दुसऱ्या दिवशी तोट्यात मिटवला. ताईनं ब्रोकरला कळवून फ्युचर्स-ऑप्शनचा विभाग आपल्या खात्यातून बंद करून घेतला. ही विनंती खातेदार करू शकतो, शेअर आणि म्युच्युअल फंड तसेच राहतात. गटानं तिच्या हप्त्याची मुदत वाढवून दिली, पण रजिस्टरमध्ये ‘खत-बियाणं’ खोडून खरं कारण लिहिलं. यावरून बैठकीत वाद झाला, तिची अब्रू जाते असं दोघी म्हणाल्या. माझं मत लिहिलं ते बरोबरच केलं. बँकेचं पुढचं कर्ज सगळ्या गटाच्या नावावर येणार आहे, आणि एकीचा हप्ता थकला तर अकराजणींचा अडतो.

टेलिग्रामवर ‘खात्रीचा स्प्रेड’, ‘तोटा झाला तर आम्ही रोल करून देतो’ म्हणून पैसे किंवा पासवर्ड मागणारे गट आहेत. सल्ला देणाऱ्याकडं सेबीचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. ब्रोकरविरुद्ध तक्रार असेल तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर नोंदवता येते.

घरात असं खातं असेल आणि हिशेब काढायचा असेल तर प्रभाग संघाच्या बैठकीच्या दिवशी पासबुक, लेजरची प्रत आणि जमल्यास पोराला किंवा मालकांना घेऊन या. आपण बसून बेरीज करू. पासवर्ड आणि ओटीपी मात्र कुणाला देऊ नका, मलासुद्धा नाही.